पोस्टग्रेसचे पीजीक्रिप्टो: अडत पेढीतील वापराचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत पेढीसाठी आम्ही तयार केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते, आणि शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्यात पीजीक्रिप्टो या एक्स्टेन्शनने (जोड-सुविधेने) कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे, केलेले असतात. हे एक्स्टेन्शन पोस्टग्रेसबरोबर विनामूल्य मिळते आणि आवृत्ती १३ पासून ते बसवायला सुपरयूजर (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) लागत नाही. त्यातील पीजीपी पद्धतीची फंक्शने मुळात एईएस-१२८ ही कूटपद्धत वापरतात. अधिक लांब किल्लीची एईएस-२५६ हवी असल्यास तसे सांगावे लागते. कूटबद्धतेबाबत माझी काहीही तक्रार नाही.

खरा प्रश्न कूटबद्ध माहिती उलगडणारी गुप्त किल्ली कुठे ठेवायची हा आहे, आणि तिथे आम्ही गंभीर चूक केली होती. किल्ली आम्ही डेटाबेसमधल्याच एका फंक्शनमध्ये लिहिली होती. पोस्टग्रेसच्या पीजी_प्रॉक या कॅटलॉगमध्ये (अंतर्गत नोंदतक्त्यात) फंक्शनचा मजकूर जसाच्या तसा असतो आणि फंक्शन चालवण्याचा अधिकार काढून घेतला, तरी डेटाबेसला जोडणी करू शकणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. केवळ अहवालांसाठी दिलेल्या लॉगिनने मी तो उघडून पाहिला, तेव्हा एकेरी अवतरणचिन्हांत आमची किल्ली अक्षरशः समोर होती. ओरॅकलमध्ये असा मजकूर झाकणारी ‘रॅप’ सुविधा आहे, पोस्टग्रेसमध्ये ती नाही. शिवाय २०१९च्या महापुरानंतर रोजचा बॅकअप आम्ही यार्डाबाहेर नेतो. पीजी_डंप या बॅकअपच्या साधनाने बनवलेल्या फाइलीत फंक्शनेही जात असल्याने कुलूप आणि किल्ली एकाच पेनड्राइव्हवर फिरत होती.

आता किल्ली अ‍ॅप्लिकेशनच्या वेगळ्या सर्व्हरवर असते आणि क्वेरीबरोबर (डेटाबेसला पाठवलेल्या आज्ञेबरोबर) बाइंड पॅरामीटर, म्हणजे आज्ञेच्या मजकुरापासून वेगळे दिलेले मूल्य, म्हणून जाते. क्वेरीच्या मजकुरातच ती लिहिली, तर टायपिंगची एक चूक पुरते, कारण चुकलेली क्वेरी मूळ सेटिंगनुसार लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) पूर्ण उतरते. संथ क्वेरींची नोंद चालू असल्यास पॅरामीटरही लॉगमध्ये येतात, म्हणून लॉग_पॅरामीटर_मॅक्स_लेंग्थ ही सेटिंग शून्य ठेवणे मी अत्यावश्यक मानतो. किल्ली सर्व्हरपर्यंत उघड्या रूपातच जाते, त्यामुळे जोडणी एसएसएलचीच (वाटेत कूटबद्ध राहणारी) हवी. डेटाबेसच्या प्रशासकावर विश्वास नसेल, तर मात्र पीजीक्रिप्टो उपयोगाचे नाही. अशा वेळी माहिती अ‍ॅप्लिकेशनमध्येच कूटबद्ध करून पाठवावी.

जुनी किल्ली उघड झाली असे धरून आम्ही सर्व खाते क्रमांक नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध केले आणि जुने पेनड्राइव्ह पेढीच्या दिवाणजींसमोर नष्ट केले.