घरातलं माणूस आत्महत्येने गेलं, तर मुलांसाठी आधी कुठे जावं?

दिराचं बारावं-तेरावं होईपर्यंत गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या सोमवारी उरलो आम्ही चौघंच: धाकटी जाऊ, तिची दोन मुलं आणि मी. मुलांना कुणीतरी ‘बाबा गावाला गेलाय’ असं सांगून ठेवलं होतं. पण थोरला आठ वर्षांचा. पाव भाजीत बुडवून तसाच हातात धरून त्याने विचारलं, ‘‘काकी, हांवें मोबायल फोडलो म्हण बाबा गेलो?’’

त्या दिवसापासून आधार शोधायला लागले. जे हाती लागलं ते मांडते.

टेलिमानस म्हणजे १४४१६, मानसिक आधारासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जाऊ रात्री दोनला टक्क जागी असायची, तेव्हा दुसरं काय उघडं असतं? मोठ्यांसाठी मी हेच पहिलं म्हणेन. मूल मात्र अनोळखी आवाजाशी बोलत नाही. मग मुलाला काय सांगायचं, ते आपणच तिथे विचारून घ्यावं.

मुलाला सर्वात जवळची शाळा. समुपदेशक असेल तर बस नको, रजा नको, नेहमीची जागा. आमचा अनुभव मात्र कडू: त्याला भर वर्गातून नाव पुकारून बोलावलं आणि मधल्या सुट्टीत पोरांनी नको ते विचारलं. म्हणून आधी वर्गशिक्षिकेला एकटं भेटा. वर्गात काय सांगायचं, त्याला कधी आणि कसं बोलवायचं, हे ठरवून घ्या.

पर्वरीला दोन संस्था आहेत. संगाथ १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते, मुलांसाठीही. कूज आत्महत्या रोखण्याच्या कामात आहे. म्हापशाहून पणजीची बस धरली की पर्वरी वाटेतच. इथे मूल आणि आई दोघांचं मिळून बोलणं होऊ शकतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं, कारण घरात दोघंही एकमेकांना जपायच्या नादात गप्प बसतात. आधी फोन करून वेळ घ्या.

बांबोळी. गोमेकॉजवळची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळची मानसोपचार संस्था, आयपीएचबी. नावाला लोक बिचकतात. ‘बांबोळीला नेलं’ म्हणजे वेड लागलं, असंच गोव्यात समजतात. पण औषध लागलंच तर डॉक्टर तिथेच, आणि सरकारी असल्याने खर्चाचा बाऊ नाही. शाळेत कळेल ही भीतीही सोडा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, खेळणंच बंद केलं असेल, तर बाकीचं राहू द्या, आधी इथेच न्या. ‘मलापण बाबाकडे जायचंय’ असं म्हणालं, तर लहान मुलाच्या तोंडी बऱ्याचदा ती नुसती आठवण असते; तरी शांतपणे विचारायचं, म्हणजे काय रे? मरणाचं बोलत असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. जीव धोक्यात वाटला तर थेट १०८.

मी पुन्हा निवडायची वेळ आली तर आईसाठी १४४१६ त्याच रात्री, मुलासाठी आधी शिक्षिका, मग पर्वरी.

आणि ‘गावाला गेलाय’ पहिल्या दिवशीच थांबवीन. लहान मुलाला मेलेला माणूस परत येत नाही हेच नीट कळत नाही. ते दारात वाट बघत बसतं. आम्ही शेवटी थोरल्याला म्हटलं, बाबाच्या मनाला मोठा आजार झाला होता, त्यातून त्याने स्वतःचा जीव घेतला. मोबाइलमुळे नाही, तुझ्यामुळे नाही. कसा, ते सांगितलं नाही. त्याने हातातला पाव खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘आणि आईला तो आजार होईल?’’ उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो प्रश्न घेऊनच आम्ही पर्वरीला गेलो.