बोटीच्या तळाचा रंग काढून नवा लावायचे १ लाख १० हजार घेतले आणि जुना रंग तळालाच ठेवला

माझी पर्यटकांना फिरवायची २२ फुटी फायबरची स्पीडबोट मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीत असते. ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, बांधणी २०१४ ची, गोव्यातून सेकंडहँड घेतलेली. ऑक्टोबर ते मे ती पाण्यातच उभी, त्यामुळे तळाला अँटिफाउलिंग, म्हणजे कवचं-शेवाळ धरू न देणारा तांब्याचा रंग, लावल्याशिवाय गत्यंतर नाही. हे आधीच सांगतो, कारण ज्याला ज्याला ही हकिकत सांगितली त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, की हा खर्च करायलाच कशाला गेलास?

गेल्या सप्टेंबरात बोट अजून किनाऱ्यावरच होती, तेव्हा बोटींचे तळ रंगवून देणारा एक माणूस आला. मी गोव्याच्या फर्मचा, म्हणाला. मोबाईलवर मोठमोठ्या बोटींचे फोटो, हातात छापील दरपत्रक. बोटीखाली वाकून त्याने जुन्या निळ्या रंगावर नख ओढलं आणि मान हलवली. म्हणे, हा जुना रंग कथिलवाला आहे, जगभर बंदी आहे, तपासणीत सापडलात तर बोट जप्त होईल. सगळा रंग जेलकोटपर्यंत, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरापर्यंत, काढायलाच हवा.

यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यानेच मला घाबरवलं. कथिलाच्या त्या विषारी संयुगाच्या रंगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ चा, लागू झाला २००८ पासून. माझी बोट २०१४ ची. तिच्यावर तो रंग कुठून येणार? आणि असता तरी करार म्हणतो की एकतर काढा, नाहीतर वरून तो झिरपू न देणारा थर द्या. हे मला आज माहीत आहे. तेव्हा समोरचा माणूस सन आणि कराराची नावं घडाघडा सांगत होता, आणि हंगाम तोंडावर होता.

रंग काढावा की न काढावा याचं खरं उत्तर मला जानेवारीत वास्कोच्या एका जुन्या कारागिराने दिलं, तेही चहाचे पैसेसुद्धा न घेता. जुना थर घट्ट धरलेला असेल तर पाणी मारून पॉलिश पेपरने हलकं घासायचं आणि त्यावर चालणारा रंग द्यायचा, बस्स. पापुद्रे सुटत असतील, वर्षानुवर्षांचे थर साचून तळ खडबडीत झाला असेल, आधीचा रंग कुठला हेच कळत नसेल आणि नवा त्याच्यावर धरत नसेल, किंवा बोट यापुढे ट्रेलरवर कोरडीच ठेवायची असेल, तेव्हाच पूर्ण काढायचा. माझा निळा रंग घट्ट होता. म्हणजे जे काम मला नकोच होतं ते त्याने विकलं, आणि तेही केलं नाही.

दरपत्रकावर लिहिलं होतं: जुना रंग काढणे ३८,००० रुपये, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात २४,५००, अँटिफाउलिंग ८ लिटर ३१,२००, मजुरी १८,०००. बेरीज १,११,७००. वरचे १,७०० सोडतो म्हणाला. ६०,००० यूपीआयने आगाऊ, ५०,००० शेवटच्या दिवशी रोख. रोख दिल्याबद्दल मला बोलू नका, किनाऱ्यावरचे निम्मे व्यवहार रोखीतच होतात.

आता ते ८ लिटर बघा. तळाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने काढायचं तर लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८५, सगळं मीटरमध्ये. माझ्या बोटीचं साडेबारा चौरस मीटर भरतं. एक लिटर रंग एका हातात आठ ते दहा चौरस मीटर जातो. दोन हातांना तीन लिटर, फार तर साडेतीन. पाचवीच्या मुलाला जमेल असं हे गणित मी केलं नाही.

आणि तो डबा. हे लिहिताना अजून अंगाची आग होते. चार-चार लिटरचे दोन डबे टेम्पोतून उतरवताना माझा खलाशी म्हणाला, “दादानू, डबो हलको लागता.” आदल्या वेळी गोव्याहून रंग आणला तेव्हाही डबा त्यानेच उचलला होता. तांबं भरलेला रंग जड असतो, चार लिटरचा डबा साडेसहा-सात किलोच्या खाली येत नाही. हा त्याने एका हाताने उचलून वाळूत ठेवला. मी काय म्हणालो? “तुका काय कळता त्यातला?” त्या परक्या माणसासमोर म्हणालो. झाकण उघडून तळाशी काठी फिरवली असती तरी कळलं असतं. खऱ्या रंगात तांब्याचा गाळ तळाशी बसतो, ढवळताना हात भरून येतो.

दुसरी खूणही डोळ्यांसमोरच होती. साडेबारा चौरस मीटर तळाचा निळा रंग खरवडला तर वाळू निळी व्हायला हवी, पोती भरून चोथा निघायला हवा. मी दुपारी गेलो तेव्हा अर्धं घमेलं भरलेलं. म्हणाला, बाकीचं सकाळीच उचललं. वॉटरलाइनजवळचा, म्हणजे पाण्याच्या रेघेलगतचा, हातभर पट्टा आणि मागची पाटी स्वच्छ पांढरी दिसत होती आणि मी तेवढंच बघितलं. पाठीच्या दुखण्यामुळे मला बोटीखाली आडवं होऊन बघता येत नाही, आणि तोही ते जाणून होता. तिसरी खूण म्हणजे इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या पायालाही त्याने डब्यातला तोच लाल रंग फासला. तांब्याचा रंग अॅल्युमिनियमला लावत नाहीत, धातू खाल्ला जातो. जाणता कारागीर तिथे मोकळी जागा सोडतो. याला भीती नव्हती, कारण डब्यात तांबंच नव्हतं.

२ ऑक्टोबरला बोट पाण्यात घातली. नोव्हेंबरअखेर पेट्रोल जास्त लागायला लागलं. डिसेंबरच्या मध्यात २४ नॉटने जाणारी बोट १५ च्या पुढे जाईना. २६ डिसेंबरला, देवबागात पाय ठेवायला जागा नसते त्या दिवसांत, बोट वर ओढावी लागली. तळाला पांढरी कवचं अशी दाटलेली की हात कापला. कवच उचकटलं की त्याच्यासोबत लाल रंगाचा पापुद्रा यायचा आणि खाली माझा जुना निळा रंग जसाच्या तसा. ज्या ओंडक्यांवर बोट टेकवली होती तिथे तर लाल रंगही नाही, निळे चौकोन तसेच. प्रायमरचा पत्ता नाही. शिवाय तो वरचा पट्टा खरवडताना ग्राइंडरने जेलकोट फोडून आतले काचेचे धागे उघडे पाडले होते.

परत केलेली बुकिंगं ४२,३००. तो साधा ऑइलपेंट उतरवायला आता खरोखरच सगळं खरवडणं, प्रायमर आणि रंग मिळून ८८,४००. आधीचे धरून २,४०,७०० रुपये. या वेळी ताडपत्री अंथरून, पाणी मारून घासलं आणि चोथा पोत्यात भरला. कोरडं घासू देऊ नका, ती धूळ विषारी असते. आणि चोथा खाडीत तर नकोच, तिथे आमच्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, काम बरोबर झालं नाही हा दिवाणी वाद. मी म्हटलं, डब्यात दुसराच रंग भरून विकला, ही फसवणूक नाही? पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, हे मीच त्यांना सांगितलं. उत्तर आलं, “पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना?” फसवणुकीत पैसे माणूस स्वतःहूनच देतो हो, हिसकावून नेले तर ती लूट झाली! चार खेपांनंतर साध्या अर्जाची पोच मिळाली. बोटींची तपासणी करणाऱ्या कार्यालयात गेलो, तर रंग आमच्या अखत्यारीत नाही, आम्ही लाइफ जॅकेट बघतो. मग ज्यांच्या नावाने बोट जप्त होण्याची भीती घातली गेली, त्यांनी आम्हाला एक शब्द आधी सांगायला नको? एका वकिलाने तर हा धंदा आहे, ग्राहक आयोग घेणारच नाही, म्हणून फी घेऊन परत पाठवलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचा. पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला व्यवसाय असेल तर तुम्ही ग्राहकच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद करा.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं, ते आगाऊ देण्याआधी करा. गोव्याचा क्रमांक ३० ने सुरू होतो, याचा २७ ने होता आणि पोर्टलवर सापडलाच नाही. डब्यावरच्या बॅच क्रमांकाचा फोटो कंपनीला पाठवा. मला उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण ‘ही बॅच आमची नाही’ हे लेखी मिळालं. काम चालू असताना प्रत्येक थरानंतर, ओंडके हलवून, तळाचा फोटो काढा. जमत नसेल तर पोराला झोपायला लावा बोटीखाली.

दुसरा डबा मी उघडलेला नाही. वाण्याच्या काट्यावर तो डब्यासकट ४ किलो ७०० ग्रॅम भरला. तक्रारीसोबत तोच देणार आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड, कुठेही असा लाल रंग कुणी लावून घेतला असेल तर उरलेला डबा फेकू नका, वजन करून ठेवा आणि मला कळवा.