१/१० आरसी (रिमोटवरच्या गाडीचं) टूरिंग किट, बरेच महिने चालवल्यावर: सगळा खेळ हिंज पिनखालच्या एका मिलिमीटरचा

माझ्या रिमोटवरच्या गाडीचा पुढचा सस्पेन्शन माउंट, म्हणजे चाकाचा आर्म चेसिसला धरून ठेवणारा तुकडा, तुटला म्हणून हे लिहायला बसलोय. कुठे धडकून नाही, स्क्रूच्या भोकापाशी प्लॅस्टिकला बारीक चीर पडली होती ती वाढत वाढत गेली आणि एका रविवारी गाडी वळणात असताना पुढचा आर्म लोंबायला लागला. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, एकतर दुकानदाराशी जे भांडण झालं त्यात कंपनीला ओढायचं नाहीये आणि दुसरं म्हणजे मी जे लिहिणारे ते या किमतीतल्या जवळजवळ प्रत्येक शाफ्ट ड्राइव्ह (मोटरचा जोर दांड्याने चाकांकडे नेणाऱ्या) किटला लागू पडतं. मोटर कुठली, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) किती अँपचा, गिअर रेशो काय हे सगळीकडे मिळेल, त्यात वेळ घालवत नाही.

भांडणाचं आधी उरकतो. दुकानवाला म्हणाला क्रॅश डॅमेज वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं साहेब, आर्म शाबूत, बंपर शाबूत, बॉडीवर ओरखडा नाही, मग धडक बसली कुठे? फोटो पाठवले, चीर स्क्रूच्या भोकातूनच सुरू झालीये हे लाल गोल करून दाखवलं. उत्तर तेच. बरं, तो एक तुकडा विकत द्या, तर तोही सुटा मिळत नाही, अख्खी पार्ट्स ट्री (एकाच चौकटीत जोडून आलेले सगळे तुकडे) घ्या, ज्यातले बाकीचे सगळे तुकडे माझ्याकडे धडधाकट पडलेत. दोन इंचाच्या प्लॅस्टिकसाठी साडेनऊशे रुपये द्यायला माझं मन काही तयार होईना. थोडे आणखी घातले तर ॲल्युमिनियमचे सुटे ब्लॉक येत होते म्हणून रागाच्या भरात तेच मागवले. आणि खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो कारण त्या ब्लॉकमुळे गाडी बदलली, आणि ती मेटलमुळे अजिबात नाही बदलली.

मूळ प्लॅस्टिक माउंट चेसिसच्या खाचेत बसतो, आतल्या हिंज पिनची (आर्म जिच्यावर वरखाली हलतो ती सळई) उंची ठरलेली, तुम्ही काहीही करा ती हलत नाही. ॲल्युमिनियमचा ब्लॉक चेसिसवर सपाट बसतो, खालून दोन एम ३ स्क्रू, म्हणजे ब्लॉक आणि चेसिसच्या मधे वायसर घालता येतो. बस एवढंच. पण हा एवढासा फरक म्हणजे रोल सेंटर (वळणात बॉडी ज्याभोवती कलते तो बिंदू) तुमच्या हातात येणं, आणि हे मॅन्युअलमधे एका ओळीतही नाही. मला याचा मनापासून राग आहे. कॅम्बर (चाक समोरून किती झुकलेलं), टो (चाक वरून बघता किती आतबाहेर वळलेलं), राइड हाइट (चेसिस जमिनीपासून किती वर) यांची चित्रं काढून पानंच्या पानं भरलीत आणि गाडी वळणात कशी वागणार हे जिथे ठरतं ती गोष्ट गायब.

ज्यांनी कधी काढून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी समोरून बघा. खालच्या आर्मची रेघ (आतल्या पिनपासून बाहेरच्या पिनपर्यंत) आतल्या बाजूला लांबवा, वरच्या कॅम्बर लिंकची (चाकाला वरून धरणारा दांडा) रेघही लांबवा, त्या जिथे भेटतात तो एक बिंदू. आता टायर जमिनीला टेकतो त्या ठिकाणच्या मध्यापासून या बिंदूपर्यंत रेघ मारा. ही रेघ गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते ते रोल सेंटर. बॉडी वळणात याच्याभोवती कलते. गाडीचा गुरुत्वमध्य याच्या बराच वर असतो आणि त्या दोघांमधलं अंतर म्हणजे पान्याचा दांडा, जितका लांब तितका तोच जोर जास्त फिरवतो. आरसी गाडीची मजा अशी की हे सगळं साध्या ग्राफ पेपरवर खऱ्या मापात काढता येतं, स्केल वगैरे भानगड नाही. मी ए थ्री साइझचा कागद घेतला, व्हर्नियरने पिनांची मापं घेतली आणि टिंबं मांडली.

माझ्या गाडीची मापं: टायरचा मध्य मध्यरेषेपासून ८२ मिमी, खालची बाहेरची पिन ६८ वर आणि आतली २२ वर, दोन्ही जमिनीपासून २० मिमी उंच, म्हणजे आर्म आडवा. वरच्या लिंकचा बाहेरचा बॉल ६६ वर आणि ४४ उंच, आतला २६ वर आणि ४१ उंच. रोल सेंटर आलं जमिनीपासून जेमतेम ५ मिमीवर. आता ब्लॉकखाली १ मिमी घातला, राइड हाइट परत होती तेवढीच केली, आतली पिन २१ झाली, तर रोल सेंटर गेलं जवळजवळ ८ वर. एका मिलिमीटरला तीन मिलिमीटर! मी हे दोनदा काढलं कारण विश्वास बसेना. उलट वरच्या लिंकच्या आतल्या बॉलखाली १ मिमी घातला तर रोल सेंटर ५ वरून साधारण सव्वातीनपर्यंत खाली येतं, म्हणजे दिशाही उलटी आणि परिणामही जवळपास निम्मा. वरचा बॉल स्टड सगळे चाळत बसतात कारण तो समोर दिसतो, खालची पिन चेसिसखाली असते म्हणून कोणी हात लावत नाही.

अजून एक, ज्याने माझं मत पार बदललं. गाडी फार कलते म्हटलं की जो तो सांगतो राइड हाइट कमी कर. त्याच कागदावर चेसिस १ मिमी खाली आणा. आतल्या पिना खाली येतात, आर्म आत उतरता होतो आणि रोल सेंटर पाचवरून साडेतीनच्याही खाली घसरतं. गुरुत्वमध्य १ मिमी खाली आला आणि रोल सेंटर दीड मिमीच्या वर, म्हणजे दांडा उलट लांबला. गाडी खाली आणल्याने एकूण वजन कमी सरकतं हे खरं, तो फायदा आहेच, पण कलणं कमी होईल या आशेने कोणी खाली आणत असेल तर त्याने आधी कागद काढावा.

वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर एकूण किती वजन जाणार हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यावर ठरतं. रोल सेंटर वरखाली करून ते एकूण बदलत नाही. बदलतं ते कुठल्या वाटेने जाणार: रोल सेंटर वर असेल तर त्यातला मोठा भाग आर्म आणि लिंकमधून थेट, ताबडतोब जातो, खाली असेल तर बॉडी कलते, स्प्रिंग दबते, आणि मग जातो. म्हणून वर केलं की गाडी स्टिअरिंगला चटकन उत्तर देते आणि खाली केलं की सावकाश पण टायर जास्त वेळ धरून राहतो. शॉकमधल्या ऑइलचा मुद्दाही इथेच येतो. ३५० चं पातळ ऑइल काढून ४५० चं घट्ट टाकलं की कलायला वेळ जास्त लागतो एवढंच, लांब वळणात गाडी शेवटी तितकीच कलते, कारण डॅम्पर फक्त हालचाल चालू असेपर्यंत काम करतो. ऑइलच्या बाटल्यांवर पैसे घालणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगतोय, आधी वायसर घ्या.

वायसर कुठले, तर नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदरला उतरा, चालत जा, एम ३ चे साधे स्टीलचे वायसर मूठभर पैशात पाकीटभर मिळतात. हॉबीवाले अर्ध्या मिलिमीटरचे रंगीत ॲल्युमिनियम शिम (पातळ चकत्या) ज्या भावाला विकतात त्यात इथे आयुष्यभराचे येतील. स्टँडर्ड एम ३ वायसर अर्धा मिलिमीटर जाड असतो पण साध्या मालात फरक निघतो, म्हणून स्क्रू गेजने एकेक मोजून सारखे सारखे वेगळे काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण करायलाच हवं. एकाच आर्मच्या पुढच्या आणि मागच्या ब्लॉकखाली एकसारखी जाडी नसेल तर पिन लांबीत तिरकी होते, आणि मागच्या आर्मला पिन पुढून उंच झाली तर अँटी स्क्वॉट (थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू खाली बसायला होणारा विरोध) तयार होतो, मग तुम्ही रोल सेंटर बदललं समजून भलतंच काहीतरी बदलून बसता. स्क्रूही तेवढा लांब लागतो, नाहीतर दोनतीन आट्यांवर ब्लॉक लटकतो. आणि पिन हलवली की राइड हाइट, ड्रूप (चाक खाली किती लोंबतं), कॅम्बर, टो आणि बंप स्टिअर (चाक दबताना आपोआप वळणं) परत बघावं लागतं. टाय रॉडखालीही (स्टिअरिंगचा चाकाला वळवणारा दांडा) वायसर कमीजास्त करावा लागला, कारण खालचा आर्म आणि टाय रॉड वेगळ्या कोनात गेले की चाक दबताना आपोआप वळतं.

आता चालवून काय झालं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा पोडियम, सेक्रेटरी काकांनी रविवारी सकाळी दहापर्यंत परवानगी दिलीये, अर्धा भाग खरखरीत काँक्रीट आणि अर्धा पेव्हर ब्लॉक. मे महिन्यात ऊन चढलं की काँक्रीट तापतं, रबर टायर चिकटायला लागतात आणि मूळ सेटिंगवर गाडी वळणात कलून कलून बाहेरच्या टायरच्या कडेवर चढायची आणि सरळ उलटायची. पुढे १ मिमी घातल्यावर उलटणं जवळजवळ थांबलं, नाक हाताबरोबर वळायला लागलं. स्प्रिंग त्याच, ऑइल तेच, टायर तेच. मी इतका खूश झालो की मागेही ब्लॉक बसवून लगेच १ मिमी घालून पाहिला, आणि त्याने बाहेर पडताना थ्रॉटल दिला की शेपूट सुटायला लागली, मागचं परत होतं तसं केलं. मागे खाली आणि पुढे वर, हेच जुळलं.

तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो १ मिमी घाला आणि विसरा. पण पाऊस येऊन गेला. पोडियमवर शेवाळ, ते घासून काढल्यावर मागे राहिलेली बारीक धूळ, पकड निम्म्यावर आली आणि तीच गाडी पुढून सरळ घसरत जायला लागली, स्टिअरिंग कितीही मारा. पकड नाही तिथे टायरवर वजन सावकाश आणि धरून जायला हवं, झटक्यात नको. अर्धा मिलिमीटर काढला, बरीच सुधारली. पेव्हर ब्लॉकवर तर फरक अजून स्पष्ट होता: रोल सेंटर वर असलं की चाक वर जाताना बाहेरही सरकतं, म्हणजे प्रत्येक सांध्यावर टायर थोडा बाजूला घासतो आणि गाडी टपटप उडते. शिवाय वळणात आर्ममधून येणारा जोर बॉडीला वर उचलतो तो भाग वेगळाच. म्हणून आता माझं मत असं की या किटला पुढे अर्धा मिमी कायमचा ठेवावा आणि दुसरा अर्धा मिमी खिशात ठेवावा, जागा बघून घालायचा. ज्याला फक्त पेव्हर ब्लॉकवरच चालवायची आहे त्याने शून्यच ठेवावं, त्याला हा ब्लॉक घेऊन फायदा नाही, त्याने ट्री मागवावी.

पावसाचा दुसरा त्रास म्हणजे गंज. हिंज पिना स्टीलच्या, मुंबईची हवा, गाडी कपाटात ठेवली तरी पिनेवर तांबूस थर धरतो आणि आर्म जड होतो. शॉक सोडवून आर्म वर उचला आणि सोडा, स्वतःच्या वजनाने धपकन खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर रोल सेंटरचा विचारसुद्धा करू नका, आधी ३ मिमीचा रीमर फिरवून भोक साफ करा, पिन बारीक पॉलिश पेपरने घासा. माझ्या किटमधे गाडी नवीकोरी असतानाच मागचा डावा आर्म घट्ट होता, ही फिनिशिंगची कमतरता आणि मी तिचे गुण कापतो.

बाकी गाडी चांगली आहे. डिफ (डिफरन्शियल, डावंउजवं चाक वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) गळला नाही, गिअरबॉक्समधे धूळ शिरली नाही, शाफ्ट सरळ आहे, बेअरिंग मी सुरुवातीलाच बदलले. स्टिअरिंगला ढिलेपणा आहे पण तो या किमतीत सगळ्यांनाच असतो. बॉडीबद्दल काही बोलत नाही, रंग आवडला म्हणून घेतली होती.

घ्यायची का, तर घ्या, पण पैसे असे लावा: मोटर अपग्रेड करू नका, स्टॉक मोटरला या चेसिसवर जे वळण येतं ते आधी नीट येऊ द्या. पुढचे ॲल्युमिनियम ब्लॉक किटबरोबरच मागवा, माउंट तुटायची वाट बघू नका, कारण सुटा तुकडा मिळणार नाही. मागचे ब्लॉक घ्यायची गरज नाही, मागे मूळ प्लॅस्टिकच्या उंचीवरच गाडी सगळ्यात छान धरते आणि तिथली चीर अजून तरी मला कुठे दिसलेली नाही. स्क्रू भरताना मात्र मागच्या माउंटला हात हलका ठेवा, प्लॅस्टिकमधे स्क्रू टेकल्यावर पाव आटासुद्धा जास्त द्यायचा नाही.