शवविच्छेदन: सुरीने की सीटी स्कॅनने?
नातेवाइकांना विचाराल तर ते स्कॅनच म्हणतील. चिरफाड नाही, टाके नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या तज्ज्ञांनी ही पद्धत नावारूपाला आणली. दिल्लीच्या एम्समध्ये ती २०२१ पासून आहे.

हाडांच्या बाबतीत स्कॅन सरसच. चेहऱ्याची, मणक्याची फ्रॅक्चर, रुतलेली गोळी, रक्तवाहिन्यांत शिरलेली हवा (सुरी लागताच ती निसटून जाते) हे सगळं पडद्यावर दिसतं. शिवाय चित्रं जपून ठेवता येतात. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो, देहाचं दहन तर कधीच झालेलं असतं. तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाला तीच चित्रं नव्याने तपासता येतात.

पण मऊ अवयवांपाशी गाडी अडते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलेल्या ब्रिटिश अभ्यासात १८२ मृतदेह दोन्ही पद्धतींनी तपासले. सीटीने सांगितलेलं मृत्यूचं कारण ३२ टक्के प्रकरणांत सुरीच्या शवविच्छेदनापेक्षा ठळकपणे वेगळं निघालं. हृदयविकार, फुफ्फुसातली गुठळी, न्यूमोनिया हेच प्रामुख्याने हुकले. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) काढून प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो.

म्हणून अपघात किंवा गोळीबार असेल तर मी आधी स्कॅन मागेन. धडधाकट माणूस अचानक गेला असेल, तर मात्र सुरीच.