अमेरिकन स्मारक नाणी: १९५४ पर्यंतची घ्यावीत की १९८२ नंतरची?

अमेरिकेची स्मारक नाणी जमवायची म्हटलं की सुरुवातीलाच वाट दुभंगते. एकीकडे १८९२ ते १९५४ मधली जुनी, म्हणजे 'क्लासिक'. दुसरीकडे १९८२ पासून आजतागायत निघणारी 'मॉडर्न'. मधली सत्तावीस वर्षं कोरडी आहेत. माझा कौल आधीच सांगतो. मी जुन्यांच्या बाजूचा आहे. पण नव्यांपैकी काही नाणी खरंच घेण्यासारखी आहेत, आणि जुन्यांमध्ये फसायला भरपूर जागा आहे.

जुनी मालिका सुरू झाली कोलंबसच्या स्मरणार्थ शिकागोत भरलेल्या कोलंबियन प्रदर्शनापासून. पन्नास सेंटचं नाणं प्रदर्शनात एक डॉलरला विकायचं आणि वरचे पैसे प्रदर्शनाच्या खर्चाला, असा बेत होता. नाणी इतकी पाडली गेली की निम्मीही खपली नाहीत. १८९३ सालची पंचवीस लाखांहून जास्त नाणी परत वितळवली, आणि पुष्कळशी सरळ बाजारात जाऊन भाजीपाल्याच्या व्यवहारात झिजली. म्हणूनच झिजलेलं कोलंबियन आजही चांदीच्या भावापेक्षा फार वर नसतं. नवशिक्याने हात बसवायला ते उत्तम.

पुढे हाच नमुना गिरवला गेला. संसदेने कायदा करायचा, टांकसाळीने नाणी पाडायची, आणि ती दर्शनी किमतीला एखाद्या समितीच्या हवाली करायची. समिती ती वाटेल त्या किमतीला विकणार. यात समितीवर लगाम कोणाचाच नव्हता. १९३० च्या दशकात याचा व्हायचा तोच परिणाम झाला. डॅनियल बून या जुन्या काळच्या वाटाड्याच्या नावाचं अर्धा डॉलरचं नाणं १९३४ ते १९३८ दर वर्षी निघालं. १९३५ मध्ये तर त्यावर बारीक '१९३४' आकडा घालून डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या टांकसाळींत जेमतेम दोन-दोन हजार नाणी पाडली गेली. साध्या संग्राहकांना उत्तर मिळायचं की माल संपला, आणि तोच माल थोड्याच दिवसांत कितीतरी पट भावाने बाहेर दिसायचा.

यातला कळस म्हणजे १९३६ चं सिनसिनाटी. हे शहर अमेरिकेचं संगीतकेंद्र झाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून नाणं काढलं. १८८६ मध्ये सिनसिनाटीत असं नेमकं काय घडलं होतं, हे कोणालाच सांगता येईना. नाण्यावर चेहरा गीतकार स्टीफन फॉस्टरचा, जो १८६४ मध्येच वारला होता! यामागे थॉमस मेलिश नावाचे तिथलेच एक उद्योजक आणि नाणेसंग्राहक होते. तीन टांकसाळींची मिळून पाचेक हजार संचांपुरतीच नाणी, संचाची किंमत पावणेआठ डॉलर, आणि लगेच काळाबाजार. अखेर १९३९ मध्ये संसदेने जुन्या मंजुऱ्यांवरची नाणी बंद केली. मला स्वतःला सिनसिनाटी याच कारणासाठी आवडतं. एका लबाडीचा सरकारी शिक्क्याचा पुरावा आणखी कुठे मिळणार?

नव्या काळात हे भोक बुजवलं. १९८२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली, म्हणून निघालेलं चांदीचं अर्धा डॉलरचं नाणं टांकसाळीने स्वतः विकलं. तेव्हापासून हीच पद्धत आहे. किमतीत एक ठरावीक अधिभार असतो, चांदीच्या डॉलरवर साधारण दहा आणि पाच डॉलरच्या सोन्यावर पस्तीस, आणि तो एखाद्या संस्थेला जातो. १९८६ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीला असाच पैसा उभा राहिला. समितीचा दलाल गेला, पण ग्राहकावरचा भार गेला नाही. टांकसाळीच्या किमतीत धातू, घडणावळ, डबी आणि देणगी सगळं आलं. परत विकायला गेलात की बहुतेक वेळा फक्त धातूचे पैसे हाती येतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातले कित्येक चांदीचे डॉलर आज चांदीच्या मोलाला मिळतात. अशा एका डॉलरात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते, जुन्या अर्ध्या डॉलरात सव्वाअकरा ग्रॅम. म्हणून नवी नाणी घ्यायची असतील तर टांकसाळीकडून पहिल्या दिवशी घेऊ नका. दोन-चार वर्षं थांबा आणि दुकानदाराकडून चांदीच्या भावाने उचला. देणगी द्यायचीच असेल तर ती वेगळी द्या.

याला अपवाद आहेत, आणि त्यामागचं कारण गमतीचं आहे. १९९५-९६ च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी सोळा नमुने निघाले. प्रूफ (आरशासारखी चकाकणारी खास प्रत) आणि साधी प्रत धरली तर बत्तीस नाणी. लोक वैतागले, विक्री कोसळली, आणि १९९६ च्या काही डॉलरांच्या साध्या प्रती जेमतेम १६,००० च्या आसपास राहिल्या. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या १९९७ च्या सोन्याच्या नाण्याची साधी प्रत तर ५,१७४ च. ज्यांना कोणी विचारलं नाही तीच दुर्मीळ झाली. रॉबिन्सनचा भाव एकेकाळी सोन्याच्या कितीतरी पट चढला, मग बराच उतरला. तेव्हा तिथेही शेअर बाजारासारखी आशा धरू नये. या गोंधळानंतर वर्षाला दोनच विषय अशी मर्यादा आली.

भाव पडण्याबाबत जुनीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. १९८९ च्या सुमारास स्लॅबमधल्या, म्हणजे तपासून, दर्जा (ग्रेड) ठरवून प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेल्या, उच्च ग्रेडच्या क्लासिक नाण्यांना वेड्यासारखे भाव आले होते. ते फुटले ते फुटलेच. यातून आजच्या घेणाऱ्याचा फायदा इतकाच की तेव्हाच्या मानाने कित्येक नाणी स्वस्त आहेत.

जुन्यांत खरी अडचण आहे नजरेची. नव्या नाण्याला डबी आणि प्रमाणपत्र असतं, दर्जा जवळपास ठरलेला असतो. बघायचं ते इतकंच की कॅप्सूल धुरकट झालेली नाही ना. जुन्यांत मात्र कोणीतरी घासूनपुसून चकचकीत केलेलं नाणं नवख्याला सुंदर वाटतं, आणि जाणकार ते हातातही धरत नाही. पुठ्ठ्याच्या मूळ होल्डरात राहून कडेला चढलेला निळसर-सोनेरी रंग मात्र लोक जादा पैसे देऊन घेतात. महाग नाण्यांच्या नकलाही आहेत. १९२८ चं हवाई, जे जेमतेम दहा हजारच पाडलं गेलं, ते पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबबाहेर घेऊच नये.

जुना चांदीचा संच पुरा करायचा तर पन्नास प्रकार आहेत. प्रत्येक साल आणि टांकसाळ धरली तर एकशे चव्वेचाळीस. एकशे चव्वेचाळीसच्या नादी लागू नका. बून, टेक्सस, आर्कान्सा यांची तीच ती नाणी पाच-पाच वर्षांची घेण्यात पैसा जातो, नवं काही दिसत नाही. सोन्याचं बोलायचं तर १९१५ च्या पनामा-पॅसिफिकच्या पन्नास डॉलरांपैकी गोल फक्त ४८३ आणि अष्टकोनी ६४५ बाहेर गेली. ती संग्रहालयात बघावीत.

न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्यांना स्थानिक नाणेप्रदर्शनात हातात धरून बघता येतात, ती सोय घ्यावीच. पुण्या-मुंबईत मागवणार असाल तर कस्टमचा खर्च आधी विचारून ठेवा. स्वस्त नाण्यावर तो किमतीपेक्षा जड जाऊ शकतो.

अजून ठरत नसेल तर दोन नाणी घ्या. एक ओरेगॉन ट्रेल, १९२६ पासून १९३९ पर्यंत मधूनमधून निघालेलं. जेम्स अर्ल फ्रेझर आणि लॉरा गार्डिन फ्रेझर या नवरा-बायकोने मिळून घडवलेलं, एका बाजूला बैलगाडी मावळतीकडे निघालेली, दुसऱ्या बाजूला नकाशावर हात पसरून उभा असलेला मूळ रहिवासी. दुसरं २००१ चा बफेलो डॉलर, त्याच जेम्स फ्रेझरच्या १९१३ च्या पाच सेंटच्या नाण्यावरून केलेला. त्याची पाच लाख नाणी झटपट संपली आणि भाव चांदीच्या वरच राहिला. ओरेगॉनचं एकच साल पुरे. दोन्ही घेताना चांगल्या ग्रेडचं, न घासलेलं बघा. ओरेगॉनचं १९२६ सॅन फ्रान्सिस्को सर्वांत सहज मिळतं.