इसबाचा ‘प्रोबायोटिक कोर्स’: पुडी पोटात, गुण मलमाचा

कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत लाल चट्टे, रात्रभर खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके. मूल असं हैराण झालेलं असताना कुणी ‘स्टिरॉइड नको, इसब आतड्यातून मुळासकट काढू’ म्हटलं, की पालक तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे आगाऊ भरून मोकळे होतात. त्यांचा दोष नाही. झोप उडालेल्या घराला आशा विकणं फार सोपं असतं.

खोक्यात दोन वस्तू निघतात: प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या पुड्या आणि ‘सोबत लावायला’ दिलेली पांढऱ्या मलमाची डबी. डबीवर घटकांची यादी नसते. चार-पाच दिवसांत चट्टे फिके पडतात, मूल शांत झोपतं आणि श्रेय पुडीला जातं. खरी मेख इथे आहे. अभ्यासांमध्ये प्रोबायोटिक काही आठवडे देऊन मगच फरक मोजतात. चार दिवसांत लाली उतरवणं हे जोरकस स्टिरॉइडचं काम. ब्रिटनमध्ये मुलांच्या इसबासाठी वापरलेली 24 ‘हर्बल’ मलमं तपासली, तेव्हा 20 मध्ये स्टिरॉइड सापडलं; तो अहवाल 2003 चा. त्यातल्या काहींत क्लोबेटासोल होतं, म्हणजे सर्वांत तीव्र गटातलं. लहान मुलाच्या चेहऱ्यावर ते आठवडेच्या आठवडे लागलं तर कातडी पातळ होते आणि अंगात शोषलं जाऊन शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावू शकतं.

डबी संपली की चट्टे दुप्पट जोराने उसळतात. विक्रेता सांगतो, ‘आतलं विष बाहेर पडतंय, कोर्स थांबवू नका.’ आणि दुसरं खोकं घरी येतं.

दाखवलं जाणारं संशोधन खोटं नसतं, पण भलत्याच प्रश्नाचं असतं. फिनलंडमधल्या 2001 च्या अभ्यासात घराण्यात ॲलर्जी असलेल्या गरोदर बायकांना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी हा प्रोबायोटिक जिवाणू दिला; दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. तो प्रयोग इसब होऊ नये म्हणून होता, झालेला बरा करण्यासाठी नव्हे. शिवाय 2008 मध्ये जर्मनीत तोच जिवाणू देऊन तसा फायदा दिसला नाही. उपचाराबद्दल अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 39 चाचण्या आणि 2,599 रुग्ण होते. इसबाची तीव्रता मोजणाऱ्या स्कोरॅड या 103 गुणांच्या मोजपट्टीवर घट सरासरी चारच्या आसपास. रुग्णाला फरक जाणवायला साधारण नऊ गुण लागतात. खाज आणि झोप यांत तर जवळजवळ काहीच फरक नाही.

पुडीचं लेबलही नीट वाचा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिणं म्हणजे पत्त्यात फक्त गावाचं नाव. जात, प्रजाती आणि पुढचा स्ट्रेनचा (नेमक्या वाणाचा) क्रमांक हवा. जिवाणूंची संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ अशी दिली असेल तर आज किती जिवंत आहेत ते कळत नाही. मुदत संपेपर्यंतची संख्या हवी. गरम दुधात पुडी ढवळली की उरलेलेही मरतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी आधी दुधाच्या अंशाची सूचना शोधा, कारण काही पुड्यांत तो असतो. वेळेआधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या बाळाला डॉक्टरांना न विचारता देऊच नका; अशा बाळांत या जिवाणूंनीच रक्तात संसर्ग केल्याच्या नोंदी आहेत.

सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नसतं. कोर्सच्या नादात चालू उपचार सुटतो. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, तेही हात राखून नव्हे: अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ग्रॅमपर्यंत लागतं. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. हे सुटलं की चिरा पडतात, पिवळी खपली धरते, पू होतो. एकसारखे बारीक फोड, ठिकठिकाणी खोलगट व्रण आणि ताप दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो हर्पिस या विषाणूचा संसर्ग असू शकतो.

डबी आधीच वापरली असेल तर फेकू नका. झाकण लावून, किती आठवडे आणि कुठे लावली हे लिहून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. बरेच आठवडे लावली असेल तर मनाने एकदम बंद करू नका. कमी कशी करायची ते तेच सांगतील.