सहा नळ्या की एकच? फायटरच्या गनचा हिशोब

अमेरिकन एम-६१ व्हल्कन आणि रशियन जीएसएच-३०-१ या फायटर विमानांवरच्या दोन गन, दोन्हींचा विचार अगदी उलटा आहे. व्हल्कन २० मिमीची, ६ फिरत्या नळ्या, मिनिटाला ६००० राउंड (गोळ्या), ऐकूनच भारी वाटतं. पण वजन ११२ किलोच्या आसपास, नळ्या फिरवायला वेगळी ड्राइव्ह लागते आणि ट्रिगर दाबल्यावर फुल स्पीड पकडायला साधारण अर्धा सेकंद जातो, डॉगफाइटमधे (विमानांच्या जवळून होणाऱ्या लढाईत) टार्गेट समोर असतंच किती वेळ?

जीएसएच एकच नळीची, ३० मिमी, वजन फक्त ४६ किलो, पहिल्या गोळीपासूनच फुल रेट. रेट मिनिटाला १५०० च्या पुढे, म्हणजे सेकंदाला २५, व्हल्कनच्या १०० पुढे किरकोळच. पण गोळ्याचं वजन बघा ना, २० मिमीचा जेमतेम १०० ग्रॅम आणि ३० मिमीचा ३९० च्या आसपास, त्यामुळे सेकंदाला फेकलेलं लोखंड दोन्हीकडे १० किलोच्या घरातच येतं!

मग जीएसएचच घ्यावी? थांबा, तिची नळी जेमतेम २००० राउंड टिकते, म्हणजे प्रॅक्टिस वाढली की नळ्या बदलत बसा. व्हल्कनमधे उष्णता सहा जणींत वाटली जाते.

आणि गनच नको म्हणणारेही होतेच, ब्रिटिश हवाई दलाने २००० साली आपल्या टायफून फायटर विमानाची गन पैसे वाचवायला बाद केली आणि २००६ मधे गुपचूप परत घेतली 😄

माझं मत विचाराल तर हलकं विमान असेल तर जीएसएच, कारण तिथे एकेक किलो महाग पडतो.